एचेबेरिया, म्हणजे ‘नवघरे’: एका बास्क आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या आडनावाशी माझी ओळख झाली ती एका कुंडीतून. नर्सरीतून एक सक्युलंट आणलं होतं. जाड, निळसर पानं, कमळासारखी रचलेली, मधोमध पाण्याचा एक थेंब अडकलेला. कुंडीत खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर स्केचपेननं लिहिलं होतं, ‘एचवेरिया, ऊन कमी, पाणी कमी’. हे नाव एका चित्रकाराच्या आडनावावरून पडलंय आणि त्या आडनावाचा सेंट झेवियर्सच्या ‘झेवियर’शी थेट संबंध आहे, हे कळल्यावर शोध सुरू झाला. लोकांना सांगत सुटलो तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते उत्तरांसकट इथे मांडले आहेत.

या आडनावाचा अर्थ काय?

बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेर्री’ म्हणजे नवं. शेवटचा ‘आ’ हा तिथला निश्चितता दाखवणारा प्रत्यय. ‘ते, आपल्याला माहीत असलेलं’ असं सुचवणारा. आपण ‘नवं घर’ म्हणतो, बास्क माणूस विशेषण नामाच्या मागे ठेवून ‘घर नवं’ म्हणतो, एवढाच फरक.

मराठीत याचं आडनाव बनवायला डोकं खाजवावं लागत नाही, कारण ते तयारच आहे: नवघरे. वसईला नवघर आहे, उरणकडे नवघर आहे. आपल्याकडे जुनघरेही आहेत आणि बास्क लोकांकडेही आहेत. तिकडे त्यांना एचेसारेता म्हणतात, म्हणजे जुनं घर जिथे आहे ती जागा.

पण हे स्पॅनिश आडनाव आहे ना?

कागदावर हो, भाषेनं नाही. स्पेनच्या उत्तरेला बिस्केच्या आखाताला लागून आणि पिरेनीज डोंगराच्या पश्चिम टोकाला दोन्ही अंगांनी बास्क लोकांची वस्ती आहे. डोंगराच्या दक्षिणेला स्पेन, उत्तरेला फ्रान्स. त्यांची भाषा एउस्कारा. जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही.

गंमत अशी, की आपला ‘नव’ आणि स्पॅनिशमधला ‘नुएवो’ हे लांबचे का होईना, पण सख्ख्या रक्ताचे भाऊ आहेत. शेकडो वर्षं स्पॅनिशच्या शेजारी राहिलेला ‘बेर्री’ मात्र त्या कुळातलाच नाही. म्हणजे नात्याच्या हिशेबानं स्पॅनिश भाषा मराठीला जवळची आणि शेजारच्या बास्कला परकी.

हा ‘एचे’ शब्द किती जुना? बाराव्या शतकात स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेला निघालेल्या फ्रेंच यात्रेकरूंसाठी लिहिलेल्या एका लॅटिन वाटाड्या-पुस्तकात, कोडेक्स कॅलिक्स्टिनसमध्ये, बास्क शब्दांची छोटी यादी आहे. भाकरीला काय म्हणतात, वाइनला काय, मासळीला काय. तिच्यात घराला ‘एचेआ’ असं नोंदलंय. लेखकाला बास्क माणसं अजिबात आवडलेली नव्हती, त्यांच्याविषयी त्यानं भरपूर वाईट लिहून ठेवलं. पण घराचा शब्द तेवढा नीट ऐकला.

नवं घर नवं कुठवर राहणार?

कायमचं. आपल्याकडे शंभर वर्षांची पेठही ‘नवी पेठ’च असते, तसंच. गावात वाटणी होऊन किंवा धाकट्या शाखेनं वेगळी चूल मांडून जुन्या घराशेजारी दुसरं घर उभं राहिलं, की शेजारीपाजारी त्याला ‘नवं घर’ म्हणू लागत. बांधणारा गेला, नातवंडं गेली, छप्पर दोनदा बदललं, तरी नाव तेच. चारशे-पाचशे वर्षं ‘नवं’ असलेली घरं तिकडे आहेत.

घराचं नाव माणसाला कसं चिकटलं?

या सगळ्या प्रकरणात मला सर्वात आवडलेला भाग हाच. आपल्याकडे आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि घराला माणसाचं नाव पडतं: पाटलांचा वाडा, जोश्यांचं घर. बास्क मुलुखात उलटं होतं. घराला नाव असायचं आणि त्यात जो राहील त्याला ते लागायचं.

घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हत. घर, गोठा, शेत, कुरणातला हक्क, चर्चमधली बसायची जागा आणि चर्चच्या फरशीखालची दफनाची जागा, असं सगळं मिळून ‘एचे’. घरातून चर्चकडे प्रेत नेण्याची वाटसुद्धा ठरलेली असे. ज्या त्या घराची वेगळी. चर्चमध्ये त्या घराच्या जागेवर घरची बाई ‘अर्गिसाइओला’ ठेवून दिवा लावी. अर्गिसाइओला म्हणजे कोरीव लाकडी फळी, तिच्याभोवती बारीक लांबलचक मेणवात गुंडाळलेली. जळत जाईल तशी वात उलगडत वर घ्यायची. गेलेल्या माणसांसाठीचा हा उजेड लावणं घरच्या बाईचं काम आणि तिचा मानही. गिपुस्कोआ या बास्क प्रांतातल्या अमेस्केता गावात ही पद्धत अजून टिकून आहे.

आता असं घर तुकडे करून चार भावांत वाटलं तर काहीच उरत नाही. म्हणून एकच वारस निवडायचा. डोंगराच्या फ्रेंच बाजूला जुन्या कायद्यानं पहिलं अपत्य वारस होई, मग तो मुलगा असो की मुलगी. मुलगी वारस असेल तर जावई तिच्या घरी राहायला येई आणि गाव त्याला त्या घराच्या नावानं हाक मारू लागे. म्हणजे घरजावयाचं आडनाव बदलायचं! आपल्याकडे ‘घरजावई’ या शब्दात जो एक टोमणा दडलेला असतो, तो तिकडे चालला नसता. तिकडे तो धनी होऊन बसे.

बाकीच्या भावंडांना तीन वाटा: दर्या, चर्च किंवा अमेरिका. त्या वाटांनी गेलेल्यांनी घर मागे ठेवलं, पण नाव सोबत नेलं. घरात राहणाऱ्याचं नाव घराबरोबर बदलू शकत होतं. घर सोडून गेलेल्याचं मात्र तेच कायम झालं.

मग सगळे एचेबेरिया एकाच कुळातले का?

नाही. प्रत्येक खोऱ्यात, जवळजवळ प्रत्येक गावात कुणी ना कुणी नवं घर बांधलेलं होतंच. त्यामुळे हे आडनाव एकमेकांशी काही नातं नसलेल्या असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं. दोन एचेबेरिया भेटले तर त्यांचं रक्ताचं नातं असण्याची शक्यता दोन कुलकर्ण्यांइतकीच. ‘मूळ पुरुष कोण?’ हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. विचारायचंच असेल तर ‘कुठलं घर?’ असं विचारावं.

एकाच नावाची इतकी रूपं कशी?

तीन कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं बोलीचं. पूर्वेकडे ‘बेर्री’, पश्चिमेला बिस्काय प्रांतात ‘बार्री’. म्हणून एचेबेरिया आणि एचेबारिया अशा दोन मोठ्या शाखा. बिल्बाओला लागून एचेबारी नावाचं गावच आहे. आता तिथे मेट्रो थांबते.

दुसरं कारकुनांचं. बास्क भाषा बोलली खूप गेली, लिहिली कमी गेली. नोंदी करणारे पाद्री आणि नोटरी स्पॅनिश किंवा फ्रेंच वळणानं लिहीत. स्पॅनिश कारकून ‘च’साठी सी-एच वापरी, फ्रेंच कारकून त्याच्या आधी एक टी घाली, आणि आजची प्रमाण बास्क टी-एक्स वापरते. फ्रेंच बाजूला शेवटचा ‘आ’ गळून एचेवेरी झालं. कुठे फ्रेंच ‘द’ पुढे चिकटून देचेवेरी झालं. ‘ब’ आणि ‘व’चा घोळ तर स्पॅनिशमध्ये कायमचाच. लिहिताना व्ही, बोलताना ब. म्हणून मी इथे मराठीत ‘ब’ ठेवलाय.

तिसरं कारण बोलणाऱ्या जिभेचं. सुरुवातीचा ‘ए’ घाईत गिळला गेला आणि चाबारी, चाबारिया ही रूपं निघाली. बिल्बाओजवळच्या पोर्तुगालेतेचा पोलाद-उद्योजक विक्तोर चाबारी (१८५४–१९००) हा अर्थानं नवघरेच. कोलंबियात एचेबेरी आणि एचाबारिया भेटतात. मेदेयीन शहरातली कोल्तेखेर ही प्रसिद्ध कापडगिरणी १९०७ मध्ये काढणारा आलेहांद्रो एचाबारिया याच घरातला. ‘घरातला’ म्हणजे शब्दाच्या घरातला. रक्ताचं वर सांगितलंच.

‘झेवियर’ खरोखर याच शब्दापासून आलं?

हो. आणि ते कसं झालं हे पाहणं फार मजेचं आहे.

स्पेनमधल्या नाव्हारा प्रांताच्या पूर्व टोकाला, शेजारच्या अरागोन प्रांताच्या सीमेलगत, एका छोट्या किल्ल्याच्या गावाला जुन्या बास्कमध्ये ‘एचाबेर्री’ म्हणत. भोवतालचे लोक हळूहळू लॅटिनपासून निघालेली बोली बोलू लागले, पण गावाचं नाव कोण बदलतो? त्यांनी ते आपल्या जिभेला वळवून घेतलं. पहिला स्वर गळाला. ‘च’ मऊ होऊन ‘श’ झाला. ‘बेर्री’तला ‘ए’ फुटून ‘इए’ झाला. लॅटिन ‘फेर्रुम’चं स्पॅनिशमध्ये ‘इएर्रो’ (लोखंड) झालं, तसाच. हाती राहिलं ‘शाबिएर’.

तेव्हाच्या स्पॅनिशमध्ये ‘श’ हा आवाज एक्स अक्षरानं लिहीत. म्हणून स्पेलिंगात एक्स आला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पॅनिशमधला ‘श’ घशात सरकून खरखरीत ‘ह’ झाला, आणि १८१५ च्या शुद्धलेखन सुधारणेत स्पॅनिश अकादमीनं त्या जागी ‘जे’ (J) हे अक्षर बसवलं. म्हणून आजचा स्पॅनिश उच्चार ‘हाबिएर’. पोर्तुगीजांनी जुनाच ‘श’ जपला: ‘शाविएर’. इंग्रजांनी एक्स बघितला आणि आपल्या सवयीनं ‘झेवियर’ वाचला, आणि आपण तो इंग्रजांकडून उचलला. एका घराला चार उंबरे.

अरागोनच्या उत्तरेकडच्या डोंगरात हाबिएरे नावाची गावंही आहेत: हाबिएरेगाय, हाबिएरेलात्रे, हाबिएरे देल ओबिस्पो. आज तिथे कुणी बास्क बोलत नाही. पण एके काळी तिथवर बास्कची बोली पोचली होती, याचा पुरावा म्हणून भाषेचे अभ्यासक या ‘नव्या घरां’कडेच बोट दाखवतात.

सेंट फ्रान्सिस झेवियरचं खरं आडनाव मग काय होतं?

आजच्या अर्थानं ‘खरं’ असं एक आडनाव त्याला नव्हतंच. त्याचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, हाबिएरच्या किल्ल्यातला. बाप हुआन दे हासो हा इटलीतल्या बोलोन्यात शिकलेला कायदेपंडित, नाव्हाराच्या (ते तेव्हा स्वतंत्र राज्य होतं) राजाच्या परिषदेचा अध्यक्ष. ‘हासो’ हे डोंगरापलीकडच्या, आता फ्रान्समध्ये असलेल्या एका गावाचं नाव. आई मारिया दे अस्पिल्कुएता. ‘अस्पिल्कुएता’ हे बास्तान खोऱ्यातल्या गावाचं नाव. हाबिएरचा किल्ला आईच्या बाजूनं आलेला. तीन गावं, तीन नावं, आणि मुलांनी कोणतं लावायचं याला त्या काळी कडक नियम नव्हता. सख्ख्या भावंडांची आडनावं वेगवेगळी असणं मुळीच नवलाचं नव्हतं. धाकटा फ्रान्सिस्को किल्ल्याच्या नावानं ओळखला गेला.

याच आईच्या नात्यातला मार्तिन दे अस्पिल्कुएता (१४९२–१५८६) हा मोठा धर्मशास्त्री. अमेरिकेतून सोनं-चांदी येऊ लागल्यावर स्पेनमध्ये महागाई का वाढली, पैसा जास्त झाला की त्याची किंमत का घटते, हे त्यानं १५५६ मध्येच लिहून ठेवलं. तो आपल्या घराच्या नावानं ओळखला जातो, फ्रान्सिस्को आपल्या घराच्या.

किल्ल्याची कथा दुःखाची आहे. १५१२ मध्ये शेजारच्या कास्तिल राज्याच्या फौजांनी नाव्हारा जिंकलं. फ्रान्सिस्कोचं घराणं हरलेल्या राजाच्या बाजूचं. १५१५ मध्ये बाप वारला. १५१६ मध्ये कास्तिलचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमानं किल्ल्याची तटबंदी आणि बुरूज पाडले गेले, खंदक बुजवले गेले. तेव्हा पोरगा दहा वर्षांचा होता. थोरले भाऊ मिगेल आणि हुआन पुढेही लढत राहिले. फ्रान्सिस्को १५२५ मध्ये पॅरिसला शिकायला गेला. तिथे असताना त्यानं आपल्या कुलीनतेचा अधिकृत दाखला मिळवण्याची खटपट चालवली होती. घर पडलं तरी घराचं नाव कागदावर शाबूत हवं होतं. दाखला हाती यायच्या आत तो जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या मागे निघून गेला. ‘लोयोला’ हेसुद्धा घराचंच नाव, गिपुस्कोआतल्या अस्पेइतियाजवळच्या.

आज दिसतो तो किल्ला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डागडुजी करून उभा केलेला आहे. दर मार्चमध्ये पाम्प्लोनाहून आणि आसपासच्या गावांतून हजारो लोक तिथवर चालत जातात. त्या यात्रेला ‘हाबिएरादा’ म्हणतात. वारी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

तो स्वतः स्पॅनिश बोलायचा की बास्क?

दोन्ही, शिवाय लॅटिन, फ्रेंच, पोर्तुगीज. पण जन्मभाषा बास्क. याचा पुरावा भारतातूनच गेला. दक्षिणेच्या किनाऱ्यावर काम करताना १५४४ च्या एका पत्रात तो रोमच्या सोबत्यांना लिहितो, की इथल्या लोकांचं आणि माझं बोलणं एकमेकांना कळत नाही, कारण त्यांची उपजत भाषा मलबारी आणि माझी बिस्कायची. त्या काळी बास्कला सरसकट ‘बिस्कायची भाषा’ म्हणत.

गोव्यातल्या झेवियर नावाच्या मंडळींचा स्पेनशी काही संबंध?

नावापुरता. रक्ताचा नाही.

फ्रान्सिस्को ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला, ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, आणि १५५४ मध्ये त्याचं शव गोव्यात आणलं गेलं. १२ मार्च १६२२ ला रोममध्ये त्याला संतपद मिळालं. तोवर ‘शाविएर’ हे फक्त गावाचं नि घराचं नाव होतं. संतपदानंतर लोक मुलांची नावं तशी ठेवू लागले. आधी ‘फ्रान्सिस्को शाविएर’ असं जोडीनं, मग नुसतं ‘शाविएर’. घराचं आडनाव, आडनावाचं पाळण्यातलं नाव. गोव्यात पुढची पायरीही गाठली गेली: पाळण्यातलं नाव काही घराण्यांत पुन्हा आडनाव झालं.

गोव्यातली पोर्तुगीज आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली. कधी पाद्र्याचं, कधी धर्मपित्याचं. त्यामुळे फर्नांडिस म्हणजे कुण्या फर्नांदोचा वंशज असलाच पाहिजे असं नाही, जरी त्या शेवटच्या ‘इस’चा अर्थ ‘चा मुलगा’ असा असला तरी. तेच झेवियरचं. कोकणी माणूस रोमी लिपीत एक्स लिहितो आणि ‘श’ वाचतो. सोळाव्या शतकातला आवाज अजून तसाच. गोंयच्या सायबाचं नाव म्हणूनच गोव्यातल्या वाड्यांत पुण्या-मुंबईपेक्षा जास्त अचूक उच्चारलं जातं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं, जर्मन जेझुइटांनी काढलेलं, पण नावावर इंग्रजी झिलई बसलेली.

फुटबॉलवाले शावी आणि शाबी?

तेच. बार्सिलोनाचा शावी एर्नांदेस आणि शाबी आलोन्सो, दोघांचीही पहिली नावं याच ‘नव्या घरा’ची लघुरूपं, एक कॅटलान वळणाचं, दुसरं बास्क.

आडनावाचं मूळ रूप मिरवणारा फुटबॉलपटू म्हणजे अ‍ॅथलेटिक बिल्बाओचा होसेबा एचेबेरिया. १९९५ ते २०१० त्या एकाच क्लबकडून खेळला, आणि शेवटचा हंगाम एक पैसाही न घेता.

चावेस हे आडनाव यातलंच का?

नाही, आवाजावर जाऊ नका. ते पोर्तुगालमधल्या शावेस नावाच्या गावाचं, रोमन काळातल्या लॅटिन नावावरून आलेलं. उलट, ज्याचा आवाज अजिबात जुळत नाही तो कासानोवा अर्थानं सख्खा आहे: ‘कासा’ घर, ‘नोवा’ नवं. जर्मन नॉयहाउस आणि फ्रेंच मेझोंनव्ह हेही तसेच. माणसं घरं बांधतात आणि शेजारी नावं ठेवतात, हे सगळीकडचं.

‘एचे’ असलेली सगळी आडनावं मात्र ‘नवघरे’ नाहीत. एचेगाराय म्हणजे चढावरचं घर. नाटककार, अभियंता आणि गणिती होसे एचेगारायला १९०४ चं साहित्याचं नोबेल विभागून मिळालं. गोइकोएचेआ म्हणजे वरचं घर. १९८३ मध्ये मॅराडोनाचा घोटा मोडणाऱ्या बचावपटूचं आडनाव तेच. बेंगोएचेआ म्हणजे सगळ्यात खालचं घर. वरची आळी, खालची आळी, म्हणा ना.

या आडनावाची राजमुद्रा किंवा कुलचिन्ह कोणतं?

इंटरनेटवर कप आणि टी-शर्टांवर छापून विकतात ते ‘एचेबेरिया कुलचिन्ह’ घेऊ नका. चिन्ह आडनावाला मिळत नसे. ठरावीक घराला, ठरावीक शाखेला मिळे. दहा एचेबेरिया घरांची दहा वेगळी चिन्हं असू शकतात, आणि अकराव्याला काहीच नसू शकतं.

पण यामागे एक खरी गोष्ट आहे. बिस्कायच्या १५२६ च्या कायदेसंहितेनं तिथल्या मूळच्या सर्व रहिवाशांना ‘इदाल्गो’, म्हणजे कुलीन मानलं. गुरं राखणारा, कोळसा पाडणारा, सगळे कुलीन. कास्तिलमध्ये इदाल्गोला काही कर माफ असत आणि दरबारी, लष्करी नोकऱ्यांची दारं उघडी असत. मग दूर गेलेल्या बास्क माणसाला सिद्ध करावं लागे, की मी अमुक घराण्याच्या मूळ घरातला. घराचं नाव हेच आडनाव असल्यानं अर्धा पुरावा तोंडातच असायचा. वायादोलिदच्या वरिष्ठ न्यायालयात बिस्कायच्या लोकांसाठी वेगळं दालन होतं.

बास्क नसलेल्या देशांत हे नाव कसं पोचलं?

दर्यानं. सोळाव्या शतकात बास्क खलाशी देवमाशांच्या शिकारीसाठी थेट कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जात. लॅब्राडॉरच्या रेड बेमध्ये त्यांच्या तळांचे अवशेष सापडले आहेत. १६७७ मध्ये पिएर देचेवेरी नावाच्या खलाशानं तिकडच्या समुद्राची वाट दाखवणारं पुस्तक बास्कमध्ये आणलं, बायोनमध्ये छापलेलं. बंदर कुठे, उथळ पाणी कुठे, खाडीचं तोंड कोणत्या दिशेला, असा सगळा कामाचा मजकूर. तो लिहिणाराही नवघरेच.

१७२८ पासून गिपुस्कोआच्या व्यापारी कंपनीकडे व्हेनेझुएलाच्या कोकोचा व्यापार होता, तीतून बरेच जण तिकडे गेले. एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिना आणि उरुग्वेकडे लोंढा लागला. काही अमेरिकेच्या नेवाडा, आयडाहोच्या माळांवर मेंढ्या राखायला गेले. अर्जेंटिनातला कवी एस्तेबान एचेबेरिया (१८०५–१८५१) हा बिस्कायहून आलेल्या बापाचा मुलगा. आज ब्यूनोस आयर्सलगतच्या एका तालुक्याला त्याचं नाव आहे. क्यूबातला विद्यार्थी नेता होसे आंतोनियो एचेबेरिया १३ मार्च १९५७ रोजी हवानात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. १९७० ते १९७६ मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला लुइस एचेबेरिया शंभर वर्षं जगून २०२२ मध्ये वारला.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश आडनाव दिसलं तर मात्र लगेच वंश जोडू नका. तिथे १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाच्या हुकमानं छापील यादीतून आडनावं वाटली गेली.

आणि ते झाड?

आतानासियो एचेबेरिया हा मेक्सिकोतच शिकलेला चित्रकार. १७८७ मध्ये स्पेनच्या राजानं मेक्सिकोच्या वनस्पतींची नोंद करायला मोहीम पाठवली, तिच्यात तो रानोमाळ हिंडून झाडं रंगवी. चित्रांचे गठ्ठे शेवटी मोसिन्यो नावाच्या वनस्पतितज्ज्ञाबरोबर युरोपात पोचले आणि त्यानं ते स्विस शास्त्रज्ञ द कांदोल याच्या हवाली केले. १८१७ मध्ये मोसिन्योनं चित्रं परत मागितली. द कांदोलनं जिनिव्हातल्या हौशी-व्यावसायिक चित्रकारांना गोळा केलं आणि सगळ्या शहरानं मिळून काही दिवसांत शेकडो चित्रांच्या नकला उतरवल्या. पुढे १८२८ मध्ये त्यानं मेक्सिकोतल्या या मांसल पानांच्या झाडांना चित्रकाराचं आडनाव दिलं. लॅटिन रूपात एक आर गळाला, पण घर तेच.

माझ्या कुंडीतलं झाड पावसाळ्यात कुजलं. एक पान तोडून कोरड्या मातीवर ठेवलं होतं. त्याला बुडाशी बारीक पिल्लू फुटलं.

स्पेनमध्ये बायको नवऱ्याचं आडनाव लावते का?

नाही. प्रत्येकाला दोन आडनावं: आधी बापाचं पहिलं, मग आईचं पहिलं. लग्नानं ती बदलत नाहीत. १९९९ च्या कायद्यानं आईचं आधी लावायची मुभा दिली, आणि २०१७ पासून क्रम आईबापांनीच ठरवून नोंदवायचा असतो.

त्याच १९९९ च्या कायद्यानं स्पॅनिश वळणाचं स्पेलिंग बदलून बास्क रूप नोंदवणंही सोपं केलं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत मुलांना बास्क नावं ठेवता येत नसत; ‘हाबिएर’ चाले, ‘शाबिएर’ नाही. त्यामुळे ज्याच्या आजोबांच्या दाखल्यावर सी-एच आहे आणि स्वतःच्या दाखल्यावर टी-एक्स, अशी घरं आज पुष्कळ. तिथे स्पेलिंगमध्ये राजकारणही वाचलं जातं, हे लक्षात ठेवा.

एखाद्या एचेबेरिया घराण्याचा माग काढायचा तर सुरुवात कुठून?

शेवटून. आधी गाव शोधा. नुसत्या आडनावावर एक पाऊलही पुढे जाता येत नाही. स्पेनची नागरी नोंदणी १८७१ पासूनची. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी नेमानं ठेवल्या जाऊ लागल्या. बिस्कायच्या वह्या देरियोच्या धर्मपीठाच्या अभिलेखागारात आहेत, गिपुस्कोआच्या सान सेबास्तियानला. अमेरिकेला गेलेल्यांसाठी सेव्हियाचं ‘इंडीज’ अभिलेखागार. त्यातला बराच भाग ‘पारेस’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. शोधताना ‘बे’ आणि ‘बा’, बी आणि व्ही, एक आर आणि दोन आर, सगळं टाकून बघा. आणि एकाच माणसाचं आडनाव दोन नोंदींत वेगळं दिसलं तर कारकून चुकला असं लगेच समजू नका. तो मधल्या काळात दुसऱ्या घरात राहायला गेला असेल.

मराठीत लिहायचं कसं?

माणसासाठी ‘एचेबेरिया’, जोर ‘रि’वर. झाडासाठी नर्सरीवाला लिहील तसं.